चार्ज दिला, पण रुग्ण दिला का?

रेल्वेत किंवा टपाल खात्यात चार वर्षे काढलेल्या माणसाला चार्ज देणे-घेणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. स्टेशन मास्तर पाळी सोडताना कोणत्या लाइनवर गाडी उभी आहे, कोणता ब्लॉक चालू आहे, कोणता सिग्नल नादुरुस्त आहे, कोणती कॉशन ऑर्डर लागू आहे हे सगळे डायरीत लिहितो, येणाऱ्याला तोंडी सांगतो आणि दोघांच्या सह्या झाल्यावरच खुर्ची सोडतो. आर.एम.एस.मध्ये बॅगा मेल लिस्टवरून मोजून आणि सील पाहून ताब्यात घेतल्या जातात. २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. पण पिढ्यान्‌पिढ्या ते रजिस्टर्ड पत्र एका हातातून दुसऱ्या हातात सहीशिवाय गेले नाही. पत्र गहाळ झाले तर कोणाच्या हातून झाले, ते कागदावर सापडत असे.

हाच कर्मचारी आजारी पडतो आणि रुग्णालयाच्या खाटेवर जाऊन पडतो. रात्री आठ वाजता वॉर्डातली पाळी बदलते. दिवसभर त्याला पाहणारी सिस्टर घरी जाते आणि रात्रभर पाहणारी येते. या दोघींच्या दरम्यान काय बोलणे होते? किती वेळ होते? कुठे होते? त्याची नोंद राहते का? एखाद्या पत्राच्या हस्तांतरणाला जो मान आहे, तो या माणसाच्या हस्तांतरणाला आहे का? या लेखाचा विषय एवढाच आहे.

काही साथी म्हणतील, हा परिचारिकांचा विषय, आपल्या पानांत कशाला? याला माझी तीन उत्तरे आहेत. पहिले, आपणच रुग्ण आहोत. भायखळ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय, मुंबई सेंट्रलचे जगजीवन राम रुग्णालय, कल्याण, भुसावळ, नागपूर, सोलापूरची रेल्वे रुग्णालये, तसेच महाराष्ट्राबाहेर झाशी, खरगपूर, हुबळीपासून जबलपूरपर्यंत जिथे जिथे मराठी रेल्वे कामगार नोकरीला आहे तिथली रुग्णालये, यांतल्या खाटांवर आपण, आपली मुलेबाळे आणि आपले निवृत्त साथी असतात. दुसरे, रेल्वे रुग्णालयातल्या परिचारिका या आपल्याच भगिनी आहेत, आपल्याच संघटनांच्या सभासद आहेत. आणि तिसरे, पाळीबदल हा विषय आपल्याइतका दुसऱ्या कोणाला कळणार? डॉक्टरांपैकी फारच थोड्यांनी कॅबिनमध्ये रात्र काढली असेल. आपण काढली आहे.

वॉर्डातली पाळी

बहुतेक सरकारी रुग्णालयांत परिचारिकांच्या तीन पाळ्या असतात: सकाळची, दुपारची आणि रात्रीची. पुष्कळ ठिकाणी पहिल्या दोन सहा-सहा, सात-सात तासांच्या आणि रात्रीची बारा तासांपर्यंत लांबलेली असते. म्हणजे एक रुग्ण चोवीस तासांत तीन वेळा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. आठ दिवस दाखल असलेला रुग्ण चोवीस वेळा जातो. शिवाय तो कॅज्युअल्टीतून वॉर्डात, वॉर्डातून ऑपरेशन थिएटरमध्ये, तिथून अतिदक्षता विभागात आणि पुन्हा वॉर्डात फिरतो, तो हिशेब वेगळाच. आठ दिवसांत आपल्या मालडब्याचाही इतक्या वेळा चार्ज बदलत नाही.

प्रत्येक वेळी काय सांगायला हवे? रुग्णाचे नाव, खाट, आजार, शस्त्रक्रिया झाली असेल तर कितवा दिवस. सलाईन कोणते चालू आहे, किती उरले आहे, किती वेगाने चालले आहे. इन्सुलिन किती दिले आणि किती वाजता. लघवी किती झाली. ताप केव्हा चढला. कोणत्या औषधाची त्याला अ‍ॅलर्जी आहे. रक्ताचा कोणता रिपोर्ट यायचा आहे आणि तो आल्यावर कोणत्या डॉक्टरांना कळवायचे आहे. उद्या शस्त्रक्रिया असेल तर किती वाजल्यापासून उपाशी ठेवायचे. कोण रुग्ण रात्री गोंधळतो आणि खाटेवरून उतरायला बघतो. याखेरीज अमली व गुंगीच्या औषधांच्या कपाटाची किल्ली असते. त्या औषधांची मोजदाद जाणाऱ्या आणि येणाऱ्या सिस्टरने मिळून करायची आणि रजिस्टरवर सही करायची.

यातले कपाट आणि किल्ली व्यवस्थित सोपवली जाते, कारण एक इंजेक्शन कमी भरले तर चौकशी लागते. रुग्णाची माहिती मात्र पुष्कळदा दोन वाक्यांत उरकते. ‘बारा नंबरला सलाईन चालू आहे, बाकी सगळे ठीक आहे.’ हे ‘बाकी सगळे ठीक’ फार धोक्याचे आहे. स्टेशनवर कोणी असा चार्ज दिला असता तर घेणाऱ्याने सही केली नसती.

चूक कशी शिरते

चूक करायची म्हणून कोणी करत नाही. ती फटीतून शिरते. वॉर्डात दोन पाटील असतात. दोन औषधांची नावे कानाला सारखी लागतात. तोंडी सांगितलेले ‘आठ युनिट’ आणि ‘अठरा युनिट’ गोंगाटात एकसारखे ऐकू येतात. संध्याकाळी साडेसातला डोस दिलेला असतो, पण ट्रीटमेंट शीटवर सही राहून जाते, कारण त्याच वेळी दाराशी नवीन रुग्णाची स्ट्रेचर येऊन थांबलेली असते. डॉक्टरांनी राउंडमध्ये तोंडी सांगितलेला बदल एका सिस्टरच्या डोक्यात असतो आणि तिच्याबरोबरच घरी जातो.

माझ्या ओळखीतली एक गोष्ट सांगतो. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण ती कुठेही घडली असती. आर.एम.एस.मधून निवृत्त झालेले एक सॉर्टर मधुमेहासाठी दाखल होते. दुपारपाळीच्या सिस्टरने संध्याकाळचे इन्सुलिन दिले, पण नोंद राहिली. रात्रपाळीची सिस्टर साडेआठला कागद बघून सुई घेऊन आली. हे गृहस्थ जन्मभर बॅगा मोजलेले. त्यांनी उशाशी एका जुन्या डायरीत प्रत्येक सुईची वेळ टिपून ठेवली होती. ते म्हणाले, ‘सिस्टर, आजची संध्याकाळची झाली आहे. सात वाजून वीस मिनिटे.’ सिस्टरने हात थांबवला, दुपारच्या सिस्टरला घरी फोन लावून खात्री केली आणि मग कागदावर नोंद झाली. इन्सुलिन दोनदा गेले असते तर पहाटेपर्यंत रक्तातली साखर किती खाली गेली असती, हे मधुमेह असलेल्या साथींना सांगायला नको.

इथे रात्रपाळीच्या सिस्टरचे मी कौतुक करतो. रुग्णाचे ऐकून ती थांबली. पण विचार करा, त्या खाटेवर निवृत्त सॉर्टरऐवजी अर्धवट शुद्धीतला किंवा भाषा न कळणारा माणूस असता तर? रुग्णाची डायरी हा सुरक्षेचा शेवटचा फाटक झाला. त्याआधीचे सगळे फाटक उघडे राहिले होते.

हे जगाला केव्हाच कळले आहे

परिचारिकेच्या पेशाला शिस्त लावणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली परिचर्येवर पुस्तक लिहिले. त्यातले एक प्रकरण याच गोष्टीवर आहे. आपण हजर असताना रुग्णाची जी काळजी घेतली जाते ती आपण नसतानाही तशीच घेतली जाईल, याची तजवीज करणे हे परिचारिकेचे मोठे काम आहे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे की स्वतः चांगले काम करून भागत नाही, ते पुढच्याच्या हातात नीट गेले पाहिजे.

२००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णसुरक्षेसाठी नऊ उपाय जाहीर केले. त्यांत रुग्णाची जबाबदारी सोपवतानाचा संवाद हा स्वतंत्र उपाय आहे. कानाला सारख्या लागणाऱ्या औषधांच्या नावांचाही त्यात स्वतंत्र उल्लेख आहे.

या संवादाला शिस्त लावण्यासाठी जी पद्धत जगभर पसरली तिचे नाव ‘एसबार’. ती निघाली अमेरिकी नौदलातून. पुढे कैसर पर्मनेंटे या अमेरिकेतल्या आरोग्यसंस्थेने ती रुग्णालयात आणली. यात चार प्रश्नांची उत्तरे ठरलेल्या क्रमाने द्यायची. आत्ता स्थिती काय आहे? मागे काय घडले? माझ्या मते काय चालले आहे? आता काय करायला हवे? क्रम ठरलेला असल्यामुळे काही राहून गेले तर ऐकणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते. यात नवल काही नाही. आपल्या लाइन क्लिअरच्या निरोपाचेही शब्द ठरलेले असतात. ऐकणारा तो निरोप पुन्हा म्हणून दाखवतो, प्रायव्हेट नंबर दिला-घेतला जातो, आणि मगच निरोप पोचला असे धरतात. मनाला येईल तसे बोलायची मुभा तिथे नाही, कारण त्या निरोपावर हजार-दीड हजार प्रवाशांची गाडी धावणार असते.

एवढ्याने खरोखर फरक पडतो का, असे विचारणाऱ्यांसाठी एक आकडा देतो. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ बालरुग्णालयांत निवासी डॉक्टरांच्या पाळीबदलावर एक मोठा अभ्यास झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. ठरलेला क्रम, लेखी कागद आणि प्रशिक्षण असे तिन्ही सुरू करण्याआधीचे आणि नंतरचे मिळून १०,७४० रुग्ण त्यांनी तपासले. उपचारातल्या चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या आणि टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी कमी झाली. महत्त्वाची गोष्ट अशी की चार्ज देण्याला लागणारा वेळ म्हणण्यासारखा वाढला नाही. हा अभ्यास डॉक्टरांचा आहे, परिचारिकांचा नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पण निरोप देणारा आणि घेणारा इथेही माणूसच आहे.

इतर उद्योगांचा धडा

पाळीबदलात निरोप हरवला तर काय होते, याचे कामगार चळवळीने कधी न विसरावे असे उदाहरण म्हणजे पायपर अल्फा. उत्तर समुद्रातला हा तेल आणि वायूचा फलाट. ६ जुलै १९८८ रोजी तिथल्या दोन पंपांपैकी एकाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. संध्याकाळपर्यंत काम संपले नाही. पाइपाच्या उघड्या तोंडावर तात्पुरते झाकण बसवले गेले. रात्रपाळीला ही गोष्ट कळली नाही. रात्री पावणेदहाच्या सुमारास दुसरा पंप बंद पडला, तेव्हा रात्रपाळीने हा पहिला पंप चालू केला. वायू सुटला, स्फोट झाला आणि १६७ माणसे गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात कामाच्या परवान्याची पद्धत आणि पाळीबदलातला संवाद यांवर ठपका आला. व्हॉल्व्ह काढणारा कामगार आळशी नव्हता, पंप चालू करणारा मूर्ख नव्हता. त्या दोघांच्या मध्ये जे जायला हवे होते ते गेले नाही.

आपल्या घरचेही उदाहरण आहे. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार इथे झालेल्या अपघातात २९० हून अधिक प्रवासी गेले. रेल्वे संरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या वायरिंगमध्ये केलेल्या बदलांतल्या चुका आणि तारांवरची चुकीची लेबले पुढे आली. वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, खरगपूर विभागातच तशाच प्रकारची घटना घडली होती. तिच्यावरून वेळीच सुधारणा झाली असती तर हा अपघात टळला असता, असेही त्या अहवालात म्हटले आहे. हा पाळीबदल नव्हता; पण आधी काम केलेल्या माणसाला जे ठाऊक होते ते नंतर काम करणाऱ्यापर्यंत खरेपणाने पोचले नाही, हे दुखणे तेच आहे. गाडी घसरली तर देशभर बातमी होते. वॉर्डात एकेक रुग्ण दगावतो, त्याची बातमी होत नाही. ‘तब्येत अचानक खालावली’ एवढीच नोंद होते.

वेळ कोणाच्या खात्यातून?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. व्यवस्थापनाला ही शिस्त लावणे स्वस्त वाटते. एक छापील तक्ता काढायचा, भिंतीवर परिपत्रक लावायचे आणि उद्यापासून पाळा म्हणून सांगायचे. पण हिशेब मांडून बघा. चाळीस खाटांचा वॉर्ड आहे. प्रत्येक रुग्णामागे फक्त एक मिनिट धरले तरी चाळीस मिनिटे झाली. दुपारपाळी रात्री आठला संपते आणि रात्रपाळी रात्री आठला सुरू होते. मग ही चाळीस मिनिटे कुठून आली? ती जाणाऱ्या सिस्टरच्या घरच्या वेळेतून आली. तिची शेवटची बस त्यात गेली, मुलाचा अभ्यास त्यात गेला. किंवा ती मिनिटे आलीच नाहीत, आणि चार्ज पाच मिनिटांत ‘बाकी सगळे ठीक’ म्हणून उरकला गेला.

रेल्वे कामगारांना हे भांडण नवीन नाही. आपल्या कामाचे तास किती, कोणते काम तासांत धरायचे आणि कोणते नाही, यावर १९४७ च्या राजाध्यक्ष निवाड्यापासून १९७२ च्या मियांभाई न्यायाधिकरणाच्या अहवालापर्यंत किती कागद रंगले! कामाआधीच्या तयारीचे आणि कामाला पूरक असे जे काम असते तेही कामच आहे, हे तत्त्व आपण मान्य करून घेतले. २००५ च्या कामाच्या तासांच्या नियमांतही त्याला जागा आहे. मग परिचारिकेने रुग्ण सोपवायला लागणारा वेळ फुकटचा का? तो रोस्टरमध्ये लिहिलेला असला पाहिजे. दोन पाळ्या किमान अर्धा तास एकमेकींवर चढलेल्या असल्या पाहिजेत, आणि तो अर्धा तास ड्युटीत धरला पाहिजे.

दुसरा हिशेब माणसांचा. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, आणि वर रजेसाठी ३० टक्के राखीव असाव्यात, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. रात्री कोणत्याही सरकारी वॉर्डात जाऊन मोजा. दोन सिस्टर दिसल्या तर नशीब समजा. चाळीस रुग्णांमागे एक बाई असेल तर तिला उत्तम पद्धत शिकवूनही काय उपयोग? चार्ज घेत असताना घंटा वाजली तर ती धावत जाणार आणि निरोप अर्धा राहणार.

तिसरी गोष्ट कंत्राटाची. चार्ज घेणाऱ्याला वॉर्ड ठाऊक असावा लागतो. आज या वॉर्डात, उद्या त्या वॉर्डात, अकरा महिन्यांनी घरी, अशी नेमणूक असेल तर अर्धे शब्द आणि अर्ध्या खुणा तिला कळतच नाहीत. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिकांनी बाह्ययंत्रणेमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा वर्तमानपत्रांतून रुग्णांच्या हालाची चर्चा झाली. पण अनोळखी माणसाच्या हाती रुग्ण सोपवण्याने रोज जे हाल होतात त्यांची चर्चा कोणी केली नाही.

कागद ढाल की फास?

परिचारिका भगिनींच्या मनात एक भीती आहे आणि ती रास्त आहे. सगळे लिहून दिले, सही केली, की उद्या त्याच कागदावरून चार्जशीट. आपल्याला तर याचा भरपूर अनुभव आहे. अपघात झाला की पहिल्यांदा रजिस्टर जप्त होते आणि सगळ्यांत खालचा माणूस निलंबित होतो. सोळा-सोळा तास ड्युटी का लागली, जागा रिकामी का होती, हे विचारायला कोणी जात नाही.

म्हणून माझे म्हणणे असे: कागद असला पाहिजे, पण त्या कागदावर त्या पाळीत किती रुग्ण होते आणि किती परिचारिका होत्या, हेही वरच्या बाजूला लिहिलेले असले पाहिजे. चाळीस रुग्ण, एक सिस्टर, असे रोज तिन्ही पाळ्यांना लिहिले गेले तर तोच कागद उद्या आपल्या मागणीचा पुरावा होईल. चूक झाली तर चूक करणाऱ्याला ती निर्भयपणे सांगता आली पाहिजे. पोस्टात चुकांची नोंद ठेवणारे एरर बुक असते. त्यात नोंद होते ती पुढच्या माणसाला चूक कळावी आणि सुधारावी म्हणून. वॉर्डालाही असे पुस्तक हवे, आणि त्यातल्या नोंदीवरून शिक्षा होणार नाही अशी लेखी हमी हवी. नाहीतर चुका लपतील, आणि लपलेली चूक पुढच्या पाळीत दुसऱ्याचा जीव घेईल.

रेल्वे रुग्णालयांत आता संगणकावर एच.एम.आय.एस. आली आहे. चांगली गोष्ट आहे. हस्ताक्षर लागत नाही हा प्रश्न तरी मिटतो. पण पडद्यावर नोंद केली म्हणजे निरोप दिला, असे समजू नये. पडदा प्रश्न विचारत नाही. समोरची सिस्टर विचारते, ‘आठ की अठरा?’

भाषा आणि रुग्णाचा कान

आपल्या देशातल्या वॉर्डाचे एक वैशिष्ट्य आहे. सिस्टर केरळची, डॉक्टर उत्तर प्रदेशचे, रुग्ण विदर्भातला आणि रुग्णालय जबलपूरला. केरळच्या भगिनींनी गेल्या कित्येक पिढ्या देशभरच्या रुग्णांची सेवा केली आहे. त्यांच्या भाषेवरून कोणी कुरकूर करत असेल तर त्याला मी चार शब्द सुनावीन. पण चार्ज देण्याची भाषा मात्र अशी हवी की वॉर्डातल्या सगळ्या परिचारिकांना ती कळेल, आणि शक्य तिथे रुग्णालाही कळेल. आपले जे बोलणे चालले आहे त्यात चूक झाली तर रुग्ण ती पकडू शकतो. वरचा सॉर्टर आठवा. म्हणून चार्ज टेबलाशी न देता खाटेशी द्यावा. लाजेच्या किंवा गंभीर निदानाच्या गोष्टी अर्थातच बाजूला बोलाव्यात. शेजारच्या खाटेने सगळे ऐकण्याचे कारण नाही.

रेफर केलेला रुग्ण

रेल्वे कामगारांच्या बाबतीत आणखी एक जागा धोक्याची आहे. लाइनवरच्या हेल्थ युनिटमधून विभागीय रुग्णालयात, तिथून मुंबईला किंवा करार असलेल्या खासगी रुग्णालयात, असा आपला रुग्ण रेफर होत जातो. प्रत्येक टप्प्यावर रुग्णालय बदलते, माणसे बदलतात, कागदाचा नमुना बदलतो. मधला दुवा असतो तो भेदरलेला नातेवाईक, हातात प्लास्टिकची पिशवी घेतलेला. गाडीत शेवटचे इंजेक्शन कोणते दिले, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे की बंद केली, हे त्यालाच विचारले जाते. त्याला काय ठाऊक? रुग्ण निघण्यापूर्वी इथल्या परिचारिकेने तिथल्या परिचारिकेला फोन करून ठरलेल्या क्रमाने माहिती द्यावी, आणि तिकडून ती पुन्हा म्हणून दाखवली जावी, हा नियम का असू नये? एका स्टेशनकडून दुसऱ्या स्टेशनला लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय आपण गाडी सोडत नाही.

काय मागायचे

आपल्या शाखांनी पी.एन.एम.च्या बैठकीत, आणि जिथे रुग्णालय भेट समितीवर आपले प्रतिनिधी आहेत तिथे त्या समितीत, पुढील मागण्या मांडाव्यात असे मी सुचवतो.

१. परिचारिकांच्या दोन पाळ्या किमान अर्धा तास एकमेकींवर चढलेल्या ठेवाव्यात आणि तो वेळ ड्युटीत धरावा.

२. चार्ज खाटेशी, ठरलेल्या क्रमाने, एका पानाच्या तक्त्यावर आणि दोघींच्या सहीने व्हावा. औषधाचे नाव आणि मात्रा घेणाऱ्या सिस्टरने पुन्हा म्हणून दाखवावी.

३. त्या अर्ध्या तासात तातडीचे सोडून इतर कोणतेही काम परिचारिकांना सांगू नये. घंटेला उत्तर देण्यासाठी एक माणूस मोकळा ठेवावा.

४. तक्त्यावर रुग्णसंख्या आणि हजर परिचारिकांची संख्या रोज तिन्ही पाळ्यांत लिहावी आणि महिन्याचा गोषवारा संघटनेला द्यावा.

५. परिचारिकांच्या रिकाम्या जागा कायमस्वरूपी भराव्यात. नव्या परिचारिकेला वॉर्डाची ओळख करून दिल्याशिवाय तिच्या एकटीवर पाळी सोपवू नये.

६. निरोपातील चुकीबद्दल कारवाईपूर्वी त्या पाळीतल्या मनुष्यबळाची चौकशी सक्तीची करावी.

आणि आपण काय करायचे

मागण्या प्रशासनाकडे, पण थोडे आपल्याकडेही आहे. पाळी बदलण्याच्या वेळी वॉर्डात आपलीच माणसे सर्वांत जास्त गोंगाट करतात. एका खाटेभोवती सहा नातेवाईक, आणि सिस्टर चार्ज देत असताना मध्येच ‘आमचे सलाईन बघा’ म्हणून ओरडणारा सातवा. तातडीचे नसेल तर तो अर्धा तास थांबावे. स्टेशन मास्तर चार्ज देत असताना कोणी मधे बोलले तर आपण त्याला बाहेर घालवतो की नाही?

रुग्णाजवळ एक लहान वही ठेवावी. चालू औषधे, अ‍ॅलर्जी, दिलेल्या सुयांच्या वेळा तिच्यात लिहाव्यात. नवी पाळी आली की नम्रपणे तीन गोष्टी विचाराव्यात: आज रात्री काय द्यायचे आहे, कोणता रिपोर्ट यायचा आहे, आणि काय दिसले तर आम्ही तुम्हाला लगेच हाक मारायची. हे विचारणे म्हणजे सिस्टरवर अविश्वास दाखवणे नव्हे. समजूतदार सिस्टरला ते आवडते, कारण एक जोडी डोळे तिला वाढवून मिळतात.

मी पॉइंट्समन म्हणून नोकरीला लागलो तेव्हा जुन्या माणसांनी पहिली गोष्ट शिकवली होती: समोरच्याने निरोप परत म्हणून दाखवेपर्यंत तू तो दिलेला नाहीस. ही शिकवण रेल्वेत अपघातांच्या किमतीवर आली आहे. रुग्णालयांना ती तशाच किमतीवर शिकायला लागू नये. परिचारिका भगिनींनी हा प्रश्न पूर्वीपासून मांडला आहे, पण बहुतेक वेळा त्यांना एकटीने मांडावा लागला. आता ज्यांच्या जिवाचा हा प्रश्न आहे त्या रेल्वे आणि टपाल कामगारांनी त्यांच्या बाजूने उभे राहायला हवे. येत्या शाखा बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, त्या बैठकीला आपल्या रुग्णालयातल्या दोन सिस्टरना बोलवा आणि आधी त्यांचे ऐकून घ्या.

(लेखक रेल्वे कामगार संघटनेचे शाखा सचिव आहेत.)